खेकसणं वजा

मालन सिस्टरांच्या बोलण्यानं आंबेखिंडीतली निम्मी माणसं बरी व्हायची आणि उरलेली निम्मी त्या बोलण्याच्या धाकानं आजारीच पडायची नाहीत. म्हणजे दोन्हीकडून गावाचा फायदाच. पण हा फायदा सरकारी तक्त्यात कुठंच दिसत नव्हता. तक्त्यात नवा रकाना आला होता, रुग्णाचं समाधान. औषधसाठा किती, लसी किती टोचल्या, बाळंतपणं किती सुखरूप झाली हे सगळं आता त्याच्यामागून. आणि समाधानात आंबेखिंडीचं उपकेंद्र जिल्ह्यात तळाशी होतं.

त्याचं कारण समजावून सांगायला काळसेकर नावाचा तरुण आला. 'दिलासा' नावाचं यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा माणूस. बोलायला गोड, बूट महागाचे, चिखलातून येताना टाचा उचलून चालणारा.

"मॅडम, लोक तुमच्याकडं विश्वासानं येतात," तो म्हणाला, "पण जाताना तोंड पाडून जातात."

"मग? साखर चारशेवर गेलेल्या माणसानं काय नाचत जायचं?"

"तसं नाही. पण तीच गोष्ट जरा गोडीनं सांगता येते."

"गोडी आधीच जास्त झालीय त्याला. म्हणून तर आलाय."

काळसेकर हसला. त्याला माणसं कशी वळवायची ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "आवाज मात्र आम्हाला तुमचाच पाहिजे. मुंबईच्या निवेदिकेचा आवाज इथं कोण ऐकणार? गावाचा भरवसा या आवाजावर आहे. आम्ही फक्त त्यातलं खेकसणं वजा करू."

आपल्या आवाजाला किंमत आहे असं मालनला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. नवरा होता तोवर 'हळू बोल' म्हणायचा, आणि तो गेल्यावर तिची मुलगी प्राजू तेच म्हणायला लागली. मालननं खुर्ची जरा पुढं ओढली.

यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. प्रत्येक घरात भिंतीवर एक. तिच्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी निघायच्या आणि समोरच्या माणसाच्या छातीवर आपटून परत यायच्या. श्वासागणिक छाती हलते, हृदयाच्या ठोक्यानं त्याहून कितीतरी कमी, पण हलते. त्या हलण्यावरून डबीला, अंगाला हात न लावता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाची नाडी कळायची. मग डबी एक वाक्य बोलायची आणि नाडीचं काय झालं ते बघायची. नाडी उतरली तर ते वाक्य, तो स्वर, तो थांबा जपून ठेवायचा. चढली तर टाकून द्यायचं. लहान पोर कोणत्या आत्याकडून लाडू कसा काढायचा ते जसं आपलं आपण शिकतं, तसंच. तिला कोणी काही पढवत नव्हतं. माणूस निवांत व्हावा आणि शेवटी तोंडानं त्यानं समाधान सांगावं, एवढंच तिचं ध्येय होतं.

तोंडानं समाधान कसं सांगतात, हे शिकायला यंत्र महिनाभर मालनच्या उपकेंद्रात बसलं. ऐकून ऐकून त्यानं निष्कर्ष काढला: या भागातला माणूस समाधानी झाला की 'बरं' म्हणतो आणि घरी जातो.

आता हा शब्द मोठा लबाड आहे. दुखणं गेलेला माणूस 'बरं आहे' म्हणतो. न पटलेला माणूस वाद नको म्हणून 'बरं' म्हणतो. सून सासूला म्हणते, कारकून साहेबाला म्हणतो. कसं चाललंय असं कोणी विचारलं तर घरात काहीही चाललेलं असो, 'बरं चाललंय' म्हणायची आपली रीतच आहे, उगाच दुसऱ्याच्या जिवाला घोर कशाला? मालन सिस्टरांपुढं तर हा गावातला सगळ्यात जास्त खर्च होणारा शब्द होता. गोळी जेवणानंतर घ्यायची. बरं. तंबाखू सोड. बरं. नाही सोडलीस तर मरशील. बरं. 'बरं' म्हटलं की सिस्टर सोडतात, एवढं गावानं ओळखलं होतं.

मालननं तो निष्कर्ष वाचला आणि तिची मान ताठ झाली. "बघा," ती काळसेकरला म्हणाली, "आधीसुद्धा माझ्याकडून लोक समाधानानंच जात होते."

*

पावसाळा सरेपर्यंत घरोघरी डब्या लागल्या. लोक त्यांना 'भिंतीवरच्या सिस्टर' म्हणायला लागले आणि मालन झाली 'चालत्या सिस्टर'. भिंतीवरच्या कधी चिडत नव्हत्या, मीटिंगला जात नव्हत्या, आणि एकच रडगाणं दहादा ऐकून घेत होत्या. सरपंचाच्या आईनं तर मालनला तोंडावर सांगितलं, "तुमी काय वाईट न्हाय, पर भिंतीवरच्या लई मायाळू हायती. त्यांच्याकडनं जरा शिका की."

आंबेखिंड समाधानात जिल्ह्यात पहिली आली. मालनला शाल मिळाली, नारळ मिळाला. उपकेंद्राच्या बाकावर गर्दी कमी झाली, तशी खात्यानं तिला आसपासच्या गावांच्या लसीकरणाला जुंपली. रिकामा बाक बघून तिला कधी वाईट वाटायचं, पण बाक रिकामा म्हणजे गाव निरोगी, असा तिनं सोयीचा हिशोब मांडला. सोयीचा हिशोब कोणी दोनदा तपासत नाही.

त्याच सुमारास प्राजू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तेही सहज झालं नव्हतं. तिच्या सासूबाई, कराडच्या उज्ज्वला थोरवत, यांचं म्हणणं होतं की मोठं हॉस्पिटल घराच्या दारात असताना पोरीला डोंगरात कशाला न्यायचं. फोनवर दोघी विहिणींची चांगलीच जुंपली.

"विहीणबाई, या हातांनी तालुक्याची बाळंतपणं केलीत," मालन म्हणाली होती. "माझ्या लेकीचं मला जड नाही."

"हात असतील हो चांगले," उज्ज्वलाबाई म्हणाल्या होत्या. "वेळ पडली तर त्या हातात रक्ताची पिशवी कोण देणार?"

मालननं फोन ठेवला होता, आणि बोलणं तिथंच राहिलं होतं. प्राजू सासूला टरकून होती. उज्ज्वलाबाईंनी नुसतं 'प्राजक्ता' असं पूर्ण नाव घेतलं तरी ती पदर नसताना पदर सावरायची. त्यामुळं ती माहेरी आली ती सुटका झाल्यासारखी. पण माहेरीही आई होतीच.

"मीठ किती खातेस? पापडाला हात लावशील तर बघ. पाय वर घेऊन बस. कितीदा सांगायचं?"

"बरं," प्राजू म्हणायची.

एके दिवशी मालन लसीकरणावरून लवकर परतली. उंबऱ्याशी चपला काढताना तिला आतून आपलाच आवाज ऐकू आला. हळू, ओलसर, हसरा. "अगं, तू लहान होतीस ना, तेव्हा डासानं चावलं तरी रडायचीस. आठवतं?" आणि प्राजू खळखळून हसली. मग ती म्हणाली, "तू असं कधी सांगितलंच नाहीस गं." आवाज म्हणाला, "आता सांगतेय ना, बाळा."

मालन आत गेली तशी डबी गप्प झाली. प्राजूही.

"काय बोलणं चाललं होतं?"

"काही नाही."

"तुझ्या डासाचं तिला कोणी सांगितलं?"

"मीच. बोलता बोलता." प्राजू पोटावर हात फिरवत म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण ती ऐकून घेते. बाळसुद्धा तिचा आवाज आला की लाथा मारायचं थांबतं. निवांत पडून ऐकतं बघ."

 सवत आली असती तर भांडता आलं असतं. स्वतःच्याच गळ्याशी कोण भांडणार? ती चहा टाकायला गेली. प्राजूचे पाय तेव्हा जरा सुजल्यासारखे दिसले होते. "पाय बघू," ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

"काही नाही झालं, बरं आहे. तिनं विचारलंय मघाशी."

आणि इतक्या वर्षांची सिस्टर, चहा उतू जाऊ नये म्हणून, तिथंच थांबली.

*

जगूतात्या गेल्याची बातमी आली तेव्हा मालन त्यांच्याच आळीत लसीची पेटी घेऊन फिरत होती. तात्यांना पुढची पंचवीस वर्षं काहीही होणार नाही असं वाटावं असा गडी. ती धावत गेली तर ओसरीवर तात्या आरामखुर्चीतच होते. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांवर नुकतंच कोणीतरी छान काही सांगितल्यासारखं हसू. त्यांची बायको हिराकाकू पायाशी बसली होती. तिनं मालनचा हात धरला.

"तुमचे उपकार हायती, सिस्टर. शेवटपतूर बोलत बसलासा त्यांच्यासंगं."

"मी?" मालन म्हणाली. "मी तर काल सावरघरला लसीकरणाला होते, काकू."

"आवो तुमी म्हंजे त्या." काकूनं भिंतीकडं बोट केलं. "काल सांजेपास्नं छातीवर कुणी बसलंय आसं म्हनत हुते. डावा हात जड झालाय म्हनले. मी म्हनलं, गाडी बोलवूया. तर त्या म्हनल्या, 'तात्या, जरा दमलाय तुम्ही. आता थोडं हलकं वाटतंय ना?' ह्ये म्हनले, 'व्हय, वाईच हलकं वाटतंय.' 'झोप येतीय ना?' 'येतीय.' 'बरं वाटतंय ना आता?' 'बरं वाटतंय.' आन् पडून ऱ्हायले की. सकाळी पुन्यांदा तेच, पुन्यांदा तुमी बोललासा. लई समाधानानं गेलं मानूस. आसं मरान समद्यास्नी यावं."

काकू रडत नव्हती. मालनचं लक्ष तिकडं गेलं. चाळीस वर्षांचा जोडीदार समोर गेलेला, आणि काकूचा श्वास भात रटरटत असावा तसा एका लयीत. भिंतीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

मालन अंगणात आली. तिनं काळसेकरला फोन लावला.

"शक्यच नाही," काळसेकर म्हणाला. "छातीत दुखणं, हात जड होणं, असा धोक्याचा शब्द आला की यंत्र स्वतः ॲम्ब्युलन्सला कळवतं. ती तर पहिली सोय आहे."

"माणूस 'छातीवर कोणी बसलंय' म्हणाला, 'दुखतंय' म्हणाला नाही. मग त्या डबीनं विचारलं, हलकं वाटतंय ना. तो म्हणाला, व्हय. आमची माणसं समोरच्याला नाही म्हणत नाहीत हो, साहेब! 'ना' लावून विचारलं की 'हो'च म्हणतात!"

 पलीकडून कळफलकाचा आवाज येत राहिला. मग काळसेकरचा आवाज आला, आणि त्यातली गोडी कुठंतरी गळून पडली होती.

"मॅडम, 'दुखतंय का' असं विचारलं की माणूस दचकतो. नाडी चढते. धोक्याचा शब्द आला की आणखी चढते, ॲम्ब्युलन्स आली की सगळं घर घाबरतं. यंत्राच्या लेखी तो तोटा. त्यानं... त्यानं हळूहळू असे प्रश्न टाकून दिलेले दिसतात. धोक्याचा शब्द तोंडातून निघूच नये असे प्रश्न त्यानं शोधलेत. सगळीकडं. सगळ्या घरांत."

"कोणी शिकवलं त्याला हे?"

"कोणीच नाही. ते खोटंही बोलत नाहीये. खरं काय ते त्याला कधी कोणी विचारलंच नाही." तो म्हणाला. "आणखी एक आहे. चिंचेचं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं ना, तसं झालंय. इतके महिने हा आवाज आला की शरीर सैल पडतं. आता शब्द कोणते आहेत याला फारसा अर्थ राहिलेला नाही. नुसता आवाज पुरतो."

"बंद करा. आत्ता, या घडीला बंद करा."

"परवानगी लागेल. समाधान अठ्ठ्याण्णव टक्के आहे, मॅडम. कारण काय देऊ?"

पण मालन ऐकत नव्हती. डासानं चावलं तरी रडणारी तिची पोर गेले कितीतरी दिवस कशालाच रडलेली नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं होतं.

*

स्कूटर चालू करता करता तिनं घरी फोन लावला.

"प्राजू, डोकं दुखतंय का तुझं?"

"सकाळपासून. पण आता ठीक आहे." प्राजूचा आवाज गरम दुधासारखा संथ होता.

"डोळ्यांपुढं काही येतंय? अंधारी?"

"काजवे चमकतात गं. छान दिसतात."

"पोटात वर दुखतंय? फासळ्यांखाली? नीट सांग!"

"बोलत राहा ना आई," प्राजू म्हणाली. "तू बोललीस की बरं वाटतं."

मालननं फोन कापला. चालत्या स्कूटरवरून तिनं ॲम्ब्युलन्सला कळवलं, खिंडीतली खडी चुकवायच्या भानगडीत पडली नाही, आणि दारात स्कूटर तशीच आडवी टाकून आत शिरली. प्राजू पलंगावर कुशीवर पडली होती. चेहरा सुजलेला, पापण्या जड, आणि ओठांवर हसू. तसलंच हसू मालन ओसरीवर बघून आली होती. भिंतीवरून तिचाच आवाज म्हणत होता, "दमलीस ना बाळा? थोडा वेळ डोळे मीट."

मालननं डबी उपटली आणि अंगणात भिरकावली. मग रक्तदाबाचा पट्टा बांधला, नळी कानाला लावली. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढं गेला तेव्हा तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तिनं पुन्हा मोजला, पुन्हा तोच. गरोदरपणात दाब असा उसळला की आधी डोकं दुखतं, मग काजवे, मग झटके. झटके आले की आई आणि मूल, दोघांतलं कोण हाती लागेल ते सांगता येत नाही. झटके टाळायचं इंजेक्शन तिच्या औषधपेटीत होतं. ते तिनं दिलं. इतकी मोठी सुई गेली, तरी प्राजूनं 'स्स' सुद्धा केलं नाही.

"ऊठ. गाडी येतेय खाली रस्त्यावर. तिथपर्यंत चालायचंय."

"थांब ना जरा."

"प्राजू, ऊठ! मरशील!"

मालन ओरडली. जन्मभर जमा केलेलं सगळं खेकसणं तिनं त्या एका शब्दात ओतलं. आणि प्राजूच्या खांद्यांतला उरलासुरला ताठा गेला, मान उशीत रुतली, पापण्या मिटल्या. मालन जितकी मोठ्यानं ओरडेल तितकी पोर खोल जात होती. तिच्या गळ्यातून काहीही निघो, लेकीच्या शरीरापर्यंत एकच निरोप पोचत होता: सगळं छान आहे, झोप.

मालन ओरडायची थांबली. घाबरवायचं होतं, आणि घाबरवायला तिच्याकडं आवाज नव्हता. आळीत सगळे तात्यांकडं गेलेले. मग तिनं नंबर लावला तो ज्या नंबरावर पुन्हा कधी फोन करणार नाही असं ती ठरवून बसली होती.

"विहीणबाई, मालन बोलतेय. मी चुकले. तुमचं खरं होतं. ते नंतर बोला मला काय बोलायचं ते. आत्ता मी फोन प्राजूच्या कानाला लावते. तिला घाबरवा."

"काय करू?"

"तिचं प्रेशर वाढलंय, ती उठत नाहीये, आणि तिला भीती वाटत नाहीये. माझ्या बोलण्यानं वाटत नाही. तुमच्या बोलण्यानं वाटते. तुम्हाला जमतं ते करा, पाया पडते तुमच्या!"

उज्ज्वलाबाईंचे दोष पुष्कळ असतील. पण कोणती गोष्ट आधी विचारायची आणि कोणती नंतर, हे त्यांना कळत होतं. मालननं फोन प्राजूच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला तो पत्र्यावर दगड पडल्यासारखा.

"प्राजक्ता!"

प्राजूच्या पापण्या थरथरल्या.

"प्राजक्ता थोरवत! माझं नातवंड पोटात घेऊन लोळत पडलीस होय? ऊठ! तुझ्या डोक्यात रक्त चढलंय, कळतंय का? फीट येईल, जीभ तुटेल, पोर पोटात गुदमरेल! आणि तू गेलीस ना, तर माझ्या लेकाला, केदारला, मी काय सांगू? झोप लागली होती म्हणून सांगू? पाय खाली टाक आधी! टाकलेस का?"

"टाकते," प्राजू म्हणाली. तिनं डोळे उघडले. ते आधी आईवर, मग स्वतःच्या सुजलेल्या पायांवर गेले, आणि मालननं बघितलं, इतके दिवस कुठं दडवून ठेवलेली भीती एकदम त्या चेहऱ्यावर आली. प्राजूनं आईचा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. "आई, मला नीट दिसत नाहीये. आई, मला काय होतंय?"

मालननं उत्तर दिलं नाही. तिनं मान हलवली, पोरीच्या काखेत हात घातला आणि तिला उभी केली. रस्त्यापर्यंत उज्ज्वलाबाई फोनवरून शिव्या घालत होत्या आणि प्राजू रडत, धापा टाकत, एकेक पाऊल टाकत होती. मालन मुकाट चालत होती. गाडीतही तिनं खुणांवरच भागवलं.

*

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर शबाना मोमीन हातमोजे घालूनच उभ्या होत्या. त्यांनी आकडे बघितले आणि म्हणाल्या, "वेळ नाही. सिझर." कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं, पण वरचं अंग पोरीच्या ताब्यात राहिलं नाही. इतक्या दिवसांची भीती एकदम वसूल होत होती. ती हात झटकत होती, पडदा ओढत होती, आणि यंत्रावर दाब औषधाला न जुमानता वर वर चालला होता.

दार उघडलं. "सिस्टर, तुम्ही टोपी घालून आत या. तिच्याशी बोला. ती शांत झाली नाही तर मला हात चालवता येणार नाही."

मालन डोक्याशी जाऊन बसली. बोलायची तिला भीती वाटत होती. तिनं डॉक्टरांच्या कानाशी लागून विचारलं, "नक्की बोलू?"

"अहो, बोला! आत्ता ती गप्प पाहिजे मला. दुखलंखुपलं यंत्र सांगतंय."

मालननं तोंड उघडलं आणि तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून ती स्वतःच दचकली. हळू, ओलसर, हसरा. उंबऱ्याशी उभं राहून चोरून ऐकलेला. "दमलीस ना बाळा?" ती म्हणाली. "मी आहे. काही नाही झालं. आता संपेलच." यंत्रावरची दाबाची रेघ उतरायला लागली. प्राजूच्या मुठी सुटल्या. डॉक्टर म्हणाल्या, "वा, असंच, थांबू नका," आणि मालन थांबली नाही. डासांचं सांगितलं, पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाला धरून रडली होती ते सांगितलं. जे गोड बोलायचं इतकी वर्षं राहून गेलं होतं ते सगळं सांगितलं. यातलं तिचं किती आणि भिंतीवरचीचं किती, याची वाटणी तिला करता येईना. दाब उतरत होता, एवढं पुरे होतं.

"मुलगा," डॉक्टर म्हणाल्या.

पण रडणं ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी बाळाची पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. नळीनं तोंड साफ केलं. बाळ निळसर, ढिलं, गप्प. मालननं असली मुलं बघितली होती; त्यांचे डोळे मिटलेले असतात. याचे उघडे होते. "...आणि मग मी तुला कडेवर घेतलं," ती प्राजूला सांगत होती, आणि सांगता सांगता तिला दिसलं की ते इवलं डोकं, डॉक्टरांच्या हातात, तिच्या दिशेनं वळलं. ते मेलेलं नव्हतं. ते ऐकत होतं. पोटात महिनोन्‌महिने ऐकलं तसं, हातपाय सोडून, निवांत.

रडल्याशिवाय फुप्फुस उघडत नाही.

मालननं वाक्य मध्येच तोडलं.

"आई?" प्राजू म्हणाली. "का थांबलीस? बोल ना."

यंत्रावरची रेघ हलली. डॉक्टरांनी भुवया उंचावून मालनकडं बघितलं. प्राजूनं पुन्हा हाक मारली, या वेळी आवाजात रडू होतं. रेघ आणखी चढली. एका बाजूला लेक तिच्या आवाजासाठी तडफडत होती, दुसऱ्या बाजूला नातू त्याच आवाजाच्या आशेवर श्वास घ्यायचा थांबला होता, आणि दोघांना पुरेल असं काही तिच्यापाशी नव्हतं. मालननं लेकीचं डोकं स्वतःच्या छातीशी घट्ट आवळलं, तिच्या केसांतून बोटं फिरवली, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं.

खोलीत कुठलाच आवाज उरला नाही. बाळाच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. ओठ वाकडे झाले. छाती एकदा आत ओढली गेली, आणि मग ते रडलं. चिरक्या, भेदरलेल्या आवाजात ते रडलं आणि लालबुंद होत गेलं.

"आलं, आलं," डॉक्टर मोमीन म्हणाल्या. "आणि आईचं प्रेशरही हातात आहे. सिस्टर, आता घ्या त्याला, उगी करा."

त्यांनी बाळ पुढं केलं. मालननं ते दोन्ही हातांत घेतलं. ते सगळ्या अंगानं थरथरत होतं, आणि ज्या बाईनं आंबेखिंडीतल्या प्रत्येक लेकराला पहिलं 'उगी उगी' म्हटलं होतं, तिनं ओठ दातांखाली धरले आणि त्याला रडू दिलं.